समुद्र आणि शनिवारचे दिशाशूल

आमच्या ओसरीच्या भिंतीवर दोन कालगणना शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. एक रोज सकाळी पान फाडावयाची तमिळ दिनदर्शिका, जिच्यात सौरमानाचे तै आणि मासी हे महिने, राहुकाल, यमगंड आणि खालच्या कोपऱ्यात बारीक टाइपात त्या दिवसाचे शूल, म्हणजे प्रवासास वर्ज्य दिशा, व त्याचा परिहार छापलेला असतो; आणि दुसरे आमचे चांद्रमानाचे पंचांग, ज्यावाचून तंजावरच्या मराठी घरात श्राद्धाची तिथी निघत नाही आणि एकादशीही ठरत नाही. गेल्या दीपावलीस चेन्नईला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजिवांनी सगळ्या कुटुंबाने एकदा जहाजाने सिंहलद्वीपास जाऊन यावे असा प्रस्ताव मांडला, तेव्हा या दोन्ही कालगणना भिंतीवरून उतरून ओसरीतील झोपाळ्यावर आल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून आम्ही चार पिढ्यांच्या सोयीचा दिवस शोधू लागलो.

चिरंजिवांच्या मनात होते ते मोठे क्रूझ जहाज. २०२३ च्या जूनमध्ये चेन्नई बंदरातून हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंथुरै अशी सफर निघाली, तिची चित्रे त्यांनी मोबाईलवर जपून ठेविली होती, आणि त्या चित्रांतील जहाजाच्या माथ्यावरचा पोहण्याचा तलाव आमच्या नातीच्या मनात असा काही भरला होता की, लंका हे त्या तलावाकडे जाण्याचे केवळ निमित्त उरले होते. (अथांग समुद्रावर जाऊन तलावात का पोहावयाचे, हे मला अद्याप उमगलेले नाही, परंतु देवळाच्या पुष्करिणीत स्नान करणाऱ्याने, शेजारी कावेरी वाहत असताना, हा प्रश्न दुसऱ्यास विचारू नये.) माझी दृष्टी मात्र आत्यांकडे लागली होती. वय ८१, आजन्म नऊवारी, सोवळ्याच्या बाबतीत कोणाची भीड न धरणाऱ्या. समुद्र ओलांडावयाचा नसतो, हे वाक्य त्यांच्या तोंडून आता येईल, मग येईल, म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारले ते एवढेच, "अरे, रात्री पाणी आत येऊ नये म्हणून खिडकी नीट लागते ना? आणि कांदा-लसणीवाचून वेगळं करून देतात का?"

त्यांच्या या निर्विकारपणाने मी काहीसा निराश झालो हे कबूल केले पाहिजे. ज्या निषेधाने आपल्या समाजात एवढा कलह माजविला, ज्याच्यासाठी माणसे बहिष्कृत झाली, पंचायती भरल्या आणि क्षमापत्रांचे मसुदे लिहिले गेले, तो निषेध एका वृद्ध, धर्मनिष्ठ, पंचांगावाचून पाऊल न टाकणाऱ्या स्त्रीच्या मनातून कोणी हुकूम काढल्यावाचून, कोणी रद्दबातल ठरविल्यावाचून नाहीसा कसा झाला? तिच्या मनाला न शिवलेली शंका मला शिवली, आणि ती घेऊन मी त्या रात्री ग्रंथांकडे वळलो.

ग्रंथ एकमुखाने बोलत नाहीत. बौधायनाने समुद्रगमनास पतनीय कर्मांच्या यादीत अग्रस्थान दिले आहे. परंतु त्याच्यापुढे तीन वर्षांचे प्रायश्चित्तही सांगितले आहे, ज्यात दर चौथ्या भोजनकाळी अल्प अन्न, तिन्ही सवनांस स्नान, दिवसा उभे राहणे आणि रात्री बसून काढणे एवढे केले म्हणजे मनुष्य शुद्ध होतो. तोच बौधायन दुसऱ्या एका स्थळी उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे पाच-पाच वादग्रस्त आचार मोजतो, आणि समुद्रगमन हा आचार तो उत्तरेकडच्यांच्या माथी मारतो. दक्षिणेकडच्यांच्या खाती येतात ते मामाच्या मुलीशी विवाह, पत्नीसह भोजन, शिळे अन्न खाणे, असले घरगुती दोष. आमच्या तंजावरात मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे, तेव्हा त्या आरोपाबद्दल मी काही बोलत नाही. परंतु कावेरीकाठी बसून, ज्या काठावरून चोळांची आरमारे निघाली त्या काठावर बसून, समुद्रगमन हा उत्तरेचा दोष आहे हे वाचताना हसू आवरत नाही. मनूची गोष्ट आणखी गमतीची. श्राद्धाच्या पंक्तीस कोणास बसवू नये याची यादी देताना घर जाळणारा, विष घालणारा आणि सोम विकणारा यांच्याच रांगेत तो समुद्रयायी ब्राह्मणाला बसवितो, म्हणजे वस्तुतः उठवितो. आणि पुढे व्यवहाराध्यायात, सागरी वाहतुकीवरील व्याजाचा दर समुद्रयानात कुशल आणि देशकाळ जाणणाऱ्या माणसांनी ठरवावा असे सांगून मोकळा होतो. माणूस पंक्तीला नको, त्याचा हिशेब मात्र ग्राह्य.

खरा कठोर शब्द आला तो मागाहून, कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरविलेल्या आचारांच्या, रूपाने. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, १९४६ मध्ये, अशी ५५ कलिवर्ज्ये एकत्र करून त्यांची छाननी केली आहे. त्यांतील समुद्रगमनाचे कलिवर्ज्य नीट वाचले म्हणजे ध्यानात येते की, त्याचा रोख जाणाऱ्यावर नाही. नौकेने समुद्र तरून गेलेल्या द्विजाला, त्याने प्रायश्चित्त घेऊन शुद्धी करून घेतली असली तरीही, पुन्हा संग्रहात घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. येथे मी थांबलो. बौधायनाने दार लोटून घेतले होते, कडी घातली नव्हती. कलिवर्ज्याने कडी घातली, आणि तीही शुद्ध झालेल्या माणसाच्या तोंडावर. म्हणजे प्रश्न पापाचा राहिलाच नाही. पाप धुतले गेले आहे हे मान्य करूनच हा निषेध बोलतो. निषेध आहे तो परत घेण्याचा. समुद्राच्या पाण्यात काही अशुद्ध नाही. अशुद्ध, किंवा निदान असह्य, आहे तो पलीकडचे पाहून आलेला माणूस, जो त्याच पंक्तीत, त्याच पानावर, काही घडलेच नाही अशा रीतीने बसू इच्छितो.

हे मला केवळ ग्रंथावरून कळले असे नाही. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू तरुणपणी रंगूनला एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेले होते, ते जपानी बाँब पडू लागल्यावर १९४२ मध्ये हाल सोसून परत आले. त्यांनी यथाविधि प्रायश्चित्त घेतले, पंचगव्य प्राशन केले, ब्राह्मणांना दक्षिणा दिली. तरीही पुढे आठ-दहा वर्षांनी, माझ्या आत्या लहान असताना, श्राद्धाच्या दिवशी पंक्तीची केळीची पाने मांडली जात तेव्हा त्यांचे पान सर्वांच्या शेवटी, दाराकडे, मध्ये हातभर जागा सोडून मांडलेले असे. ते मांडावयास कोणी सांगत नसे आणि ते काढावयासही कोणी सांगितले नाही. आत्यांनी त्या पानावर ताक वाढले आहे. मी त्यांना त्या हातभर जागेविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काकांना उकडायचं फार. तिथे दारातून वारा यायचा म्हणून तिथे बसत, असं आई सांगायची." मी पुढे विचारले नाही. कलिवर्ज्य असेच अमलात येत असावे.

आता या शहरात, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने, निदान एकदा बृहदीश्वराच्या प्राकाराभोवती फिरून यावे. १०१० मध्ये राजराजाने पुरे केलेल्या त्या देवळाच्या भिंती म्हणजे एक दगडी दप्तर आहे. राजराजाच्या प्रशस्तीत त्याने जिंकलेल्या प्रदेशांची गणना करताना ईळमंडल, म्हणजे लंका, आणि समुद्रातील १२,००० जुनी बेटे येतात; त्याचा पुत्र राजेंद्र याने १०२५ च्या सुमारास आरमार घेऊन श्रीविजयावर स्वारी केली, त्या स्वारीत जिंकलेल्या कडारमचे नावही येथल्या शिलालेखात आहे. आणि याच देवळाच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर, १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या आज्ञेने बाबुराव चिटणीसांनी सिद्ध केलेला भोसलेवंशचरित्राचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. एका भिंतीवर समुद्र ओलांडून जाणाऱ्यांची कीर्ती, दुसरीवर खुष्कीच्या मार्गाने येऊन राहिलेल्यांची वंशावळ. शिवाला दोन्हींची अडचण झालेली दिसत नाही. एवढेच नव्हे, तर श्रीविजयाच्या बौद्ध राजाने नागपट्टिनमला विहार बांधावयास घेतला, तेव्हा याच शैव राजराजाने १००६ च्या सुमारास त्याला आनैमंगलम हे गाव लावून दिले. ज्या ताम्रपटांवर हे इनाम नोंदले आहे, ते स्वतःच समुद्र ओलांडून हॉलंडातील लायडनला गेले.

परंतु या सर्वांहून विचित्र गोष्ट आहे ती सेतूची, आणि ती आमच्या अगदी दाराशी आहे. ब्रह्महत्येसारख्या महापातकावर पराशराने सांगितलेले प्रायश्चित्त कोणते, तर सेतुबंधास जाऊन समुद्राचे आणि नलाने बांधलेल्या सेतूचे दर्शन घेणे. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून निघालेला यात्रेकरू काशीची गंगा घेऊन रामेश्वरास येतो आणि सेतूची वाळू घेऊन प्रयागास परततो, तेव्हा त्याची यात्रा पुरी होते. आणि रामेश्वर आहे कोठे? बेटावर. १४८० च्या एका वादळात ते बेट भूमीपासून तुटले असे सांगतात. ते कसेही असो, पांबनचा रेल्वेपूल १९१४ च्या फेब्रुवारीत खुला होईपर्यंत प्रत्येक वैदिकाने, प्रत्येक अग्निहोत्र्याने, प्रत्येक सोवळ्या विधवेने मंडपमजवळून नावेत बसून समुद्राची ती खाडी ओलांडली आहे. म्हणजे समुद्र ओलांडणे हे पातक, आणि त्या पातकासह सर्व पातकांचे क्षालन व्हावयाचे ते समुद्र ओलांडून! पाणी किती मैल रुंद असले म्हणजे पातक लागते, हे कोणत्याही निबंधकाराने मला दाखवून दिलेले नाही. रामेश्वराचा यात्रेकरू आणि रंगूनचा कारकून यांच्यातला भेद पाण्यात नव्हता. यात्रेकरू परत येणार हे आधीच ठरलेले असते, तो परत आला म्हणजे गाव वेशीपर्यंत सामोरे जाते आणि त्याच्या पायाचे तीर्थ घेते. त्याच्या जाण्यातच परतणे अंतर्भूत आहे. कारकून कधी परतेल आणि कोण होऊन परतेल, हे कोणास ठाऊक नसते.

याच वाटेवरील छत्रांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. रामेश्वराच्या रस्त्यावर तंजावरच्या राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र आजही उभी आहेत. इंग्रज सरकार या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावील या भीतीने सरफोजी महाराजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरीन याला जे पत्र लिहिले, ते राजनीतीच्या कागदांत सहसा न आढळणाऱ्या करुणेचे आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीचा यात्रेकरू येवो, त्याला भात मिळतो. शिजविलेले नको असेल त्याला शिधा मिळतो. वाटेत आजारी पडलेल्याला औषध मिळते. आणि मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे असे पुकारण्यात येते. ही घंटा मला त्या ५५ कलिवर्ज्यांच्या शेजारी ऐकू येते. एक शास्त्र परत आलेल्या माणसाचे पान हातभर दूर मांडते. दुसरे मध्यरात्री अंधारात हाक मारून विचारते, आणखी कोणी राहिले आहे काय? दोन्ही एकाच धर्माची अपत्ये आहेत, आणि यांतील कोणते औरस हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. मात्र मी कोणत्या पंक्तीचा पाहुणा आहे ते मला ठाऊक आहे.

कारण आम्ही स्वतः कोण? व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, त्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या आश्रयाने आलेले कारकून, वैद्य, हरिदास, पुजारी आणि शिलेदार यांचे आम्ही वंशज. शेजारी आम्हांला रायर म्हणतात. भीमेच्या काठचे आमचे मूळ गाव घरातील एका मोडी कागदावर आहे. माझ्या पाहण्यात ते कोणी पाहिलेले नाही. शेकडो कोस दूर, भाषा वेगळी, अन्न वेगळे, देव वेगळ्या नावाचे, अशा मुलखात येऊन आम्ही राहिलो आणि परतलो नाही. तरीही आमच्यापैकी कोणाला कोणी कधी प्रायश्चित्त सांगितले नाही, कारण आमचे पूर्वज पायी आणि घोड्यावर आले. बदलले ते इतकेच की, रोजच्या संकल्पात जेथे देश आणि काल उच्चारावयाचा असतो, तेथे गोदावरीच्या जागी कावेरी आली. माझ्या समजुतीने समुद्राच्या निषेधाचे खरे मूळ या संकल्पात आहे. मनुष्य जंबुद्वीपात, भरतवर्षात, अमुक नदीच्या अमुक तीरावर उभा राहून कर्म करतो. कर्माला पाय ठेवावयास जमीन लागते. नदी बदलली तर दुसऱ्या नदीचे नाव घालता येते. परंतु चोहोंकडे पाणीच पाणी असताना, रोज सकाळी जागा बदलत असताना, मी कोठे उभा आहे म्हणून सांगावयाचे? धर्म माणसाच्या अंगी असतो की भूमीच्या, हा तो प्रश्न आहे, आणि रात्रभर पाण्यावर निजून सकाळी आपण कोठे आहोत हे दुसऱ्याने सांगावयाचे, या कल्पनेने मला आलेली अस्वस्थता त्याच प्रश्नाची आहे. द्वीप शब्दाचा अर्थच दोहोंकडे पाणी असलेली भूमी असा आहे, आणि जंबुद्वीपालाही खाऱ्या समुद्राचा वेढा आहेच. तेव्हा बेटावर राहणारे आपण सर्व, एका बेटाहून दुसऱ्यावर जाताना मधल्या पाण्याला का भ्यावे, असे मनाला समजावता येते. पण मन समजत नाही.

आमच्या घरी श्राद्धास येणाऱ्या गुरुजींना मी हे विचारले. त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, "कावेरी पूंपुहारला समुद्रालाच मिळते ना? मग तिचं तीर संपलं कुठे? कावेरीचंच नाव घ्या." हे उत्तर शास्त्राचे नसून वकिलाचे आहे. तथापि मला ते आवडले.

आपल्या लोकांनी या कड्या आजवर अशाच उघडल्या आहेत. राघोबादादांचा वकील हनुमंतराव १७८१ मध्ये विलायतेस जाऊन आला. एडमंड बर्कने त्याला आपल्या घरी ठेवून घेऊन त्याच्या सोवळ्याची सोय लावली होती. परतल्यावर सुवर्णाची योनी करून तीतून त्याला बाहेर काढण्यात आले आणि त्याचा पुनर्जन्म झाला असे मानण्यात आले, असे त्या काळच्या इंग्रजी लेखांत नमूद आहे. कलिवर्ज्य म्हणत होते की शुद्ध झाला तरी घेऊ नका. लोकांनी म्हटले की मग त्याला शुद्ध न करता नव्यानेच जन्माला घालू. ज्या निषेधाला परिहार नाही त्याला लोक एक तर असा वळसा घालतात, नाही तर मुकाट्याने विसरतात. त्याच कलिवर्ज्यांच्या यादीत संन्यास आणि अग्निहोत्रही आहेत, आणि दोन्ही आजवर चालू आहेत. आत्यांच्या मनातून समुद्र कसा पुसला गेला, त्याचे उत्तर मला मिळाले ते ग्रंथांत नव्हे, त्या तमिळ दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात.

शेवटी चेन्नईचे मोठे जहाज बारगळले. रात्री पाण्यावर नकोत, यावर आत्या आणि मी, निरनिराळ्या कारणांनी, एकमत झालो. नागपट्टिनमहून कांकेसंथुरैला जाणारी नौका २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आहे. सुमारे ११० किलोमीटरचा समुद्र ती चारेक तासांत ओलांडते. ईशान्येचा पाऊस असताना ती बंद असते, म्हणून पोंगल उलटू द्यावयाचे. माघात वडिलांचे वार्षिक श्राद्ध येते, ते आटोपून निघावयाचे. पलीकडे किरिमलैचा समुद्राकाठचा गोड्या पाण्याचा झरा आणि शेजारचे नगुलेश्वराचे देऊळ, जाफन्यात नल्लूरचा कंदस्वामी, आणि कुरिकट्टुवानहून पुन्हा होडीत बसून नैनातीवूची नागपूषणी अम्मन. नातीला तलावाची भरपाई म्हणून दोन होड्या मिळाल्या. आत्यांच्या पासपोर्टाचे काम मात्र लांबले, कारण आमच्याकडे नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते आणि आडनावाचा रकाना रिकामा राहतो. भीमेकाठच्या गावाचे नाव तेथे लिहावे असे क्षणभर मनात येऊन गेले, पण त्याला दाखला कोणता जोडणार? जुन्या काळी एका दस्तकावर काम भागत असे.

तिकिटे उपलब्ध होती ती शनिवारची. चिरंजीव फोनवर थांबले होते. मी आत्यांना विचारले. त्यांनी चष्मा लावून दिनदर्शिका हातात घेतली.

"शनिवारी पूर्वेला शूल," त्या म्हणाल्या. "नागपट्टिनम पूर्वेलाच की. परिहार दही. शुक्रवारी रात्री विरजण लावून ठेव, सगळ्यांनी चमचाभर खाऊन निघायचं, पोरीलाही दे." मग पाने पुढे उलटीत विचारले, "परत यायचं ते कोणत्या वारी?"

"पुढच्या रविवारी."

"रविवारी पश्चिमेला शूल. गूळ लागेल." आणि त्या उठून आत गेल्या, फडताळातून गुळाचा एक खडा काढून, कागदात बांधून, महिना-दीड महिना अवकाश असतानाही त्यांनी तो प्रवासाच्या पिशवीच्या तळाशी ठेवून दिला.